गरगूर

नाव ऐकून वाटलं होतं, गरगर फिरणारं काही असेल.
हे तर नुसतं लटकत होतं,
मुहर्रकच्या एका जुन्या गोदामात, छतापासून थेट गुडघ्यापर्यंत :
मासे धरायचे तारेचे पिंजरे,
पालथ्या कढईसारखे, तीनशे बारा.
पाटीवर लिहिलेलं :
साहित्य – तार, मीठ, उजेड.

दहावी ब. सत्तावीस मुलं.
ईसा टाउनहून निघालेली बस, एसी बंद, खिडक्या तापलेल्या.
परवानगीच्या अर्जात 'उद्देश' या रकान्यात
मी लिहिलं होतं : भूमिती.
मुख्याध्यापकांनी त्यापुढे एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं
आणि खाली सही केली.

मी प्रश्न छापूनच नेले होते.
प्रश्न पहिला : एका पिंजऱ्यात अंदाजे किती षटकोन?
हर्षिलनं लगेच सूत्र मांडलं.
ऋजुता पिंजरा सोडून जमिनीवरची सावली मोजत बसली,
म्हणाली, ही हलत नाही.
फिदा सरळ उताणी झोपली त्या सगळ्याखाली
आणि म्हणाली, मिस, मी मासा आहे, मला उत्तर येत नाही.
मी रागावणार होते.
मग माझंही लक्ष वर गेलं.

अश्करला चाचणीत चाळीसपैकी अकरा.
तो कधी हात वर करत नाही.
आत्ताही केला नाही, नुसता जवळ येऊन उभा राहिला :
"मिस, आमच्या बाथरूमची फरशी षटकोनी आहे.
एका कोपऱ्यात तीन येतात. एकशेवीस त्रिक तीनशेसाठ.
जागाच उरत नाही.
म्हणून ती सपाट.
मग हे वाकलं कसं?"

बावीस वर्षं शिकवतेय.
पुस्तकात फरशी आहे, मधमाश्या आहेत,
हे नाही.
'बघून सांगते' हे वाक्य जिभेवर आलंही होतं,
तेवढ्यात दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले बू रशीद
चहाचा पेला खाली ठेवून उठले.
पहारेकरी म्हणून त्यांना नेमलेलं,
पण त्यातले निम्मे पिंजरे त्यांच्याच हातचे,
हे पाटीवर नव्हतं.
"नीचे सब छे," ते म्हणाले. "ऊपर देखो. इधर."
बोट तारेवर टेकलं. बोटाला नख नव्हतं.
"इधर पाँच. एक कम नहीं करेगा
तो चटाई बनेगा.
मछली हँसेगा."

मग काय विचारता!
सत्तावीस माना वर,
पाच! मिस, इथे पाच! इथेही!
जत्रेत हरवलेलं पोर सापडावं तशी ओरडत होती.
नेव्हिलनं माझीच प्रश्नपत्रिका फाडली,
तिचा षटकोन कापला, सहा त्रिकोण पाडले,
एक काढून टाकला, कडेला कड जोडली.
कागद आपोआप
वाटीसारखा उभा राहिला.
कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.
सगळे ती वाटी हातात घेऊन पुढे देत राहिले,
प्रसादासारखी, दोन्ही हातांनी.

परतताना पुलावर ओहोटी होती.
अश्कर माझ्या पुढच्या सीटवर.
त्याच्या परवानगीपत्रावर यंदा एकच सही,
आई मार्चपासून कण्णूरला.
तो काचेवर बोटानं काहीतरी काढत होता,
पाच बाजूंचं, की सहा, मला नीट दिसलं नाही,
आणि विचारायचं मी टाळलं.
तो तास संपला होता.

अहवाल सोमवारी द्यायचा आहे :
'विद्यार्थ्यांनी काय साध्य केले', तीन ओळींत.
कागदाची वाटी टेबलावर आहे, तिच्यात खडूचे तुकडे.
आणि पर्स झाडताना आज
काढून टाकलेला तो त्रिकोण मिळाला.
त्यावर माझा प्रश्न, अर्धाच उरलेला :
अंदाजे किती